हिच्या मापाची सायकल

बुधवार, ३

ही वही गिऱ्हाइकांच्या मापांची. अर्धी भरली आणि अर्धी कोरी राहिली. दुकानातलं सगळं गेलं, कपाटं, आरसा, मोठी कात्री, स्कूटरसुद्धा, पण वहीला कुणी विचारलं नाही. लेक म्हणाली, "बाबा, दिवसभर छताकडे बघत पडता, त्यापेक्षा चार ओळी लिहीत जा." म्हणून लिहितोय. मला काही झालेलं नाही. बावीस वर्षं सकाळी आठला शटर उघडलं, आता जरा आराम करतोय, एवढंच. आज दहाला उठलो.

बातमी अशी की नऊ नंबरची पहाटेची बस एक तारखेपासून बंद झाली. बायकोच्या, म्हणजे हिच्या, इस्पितळाकडे त्या वेळी तेवढी एकच बस जायची. हा महिना निभावेल, कारण हिला नव्या सिस्टर्सना शिकवायचं काम आहे, नऊ ते पाच, आणि आठची बस अजून चालू आहे. पण पुढच्या एक तारखेपासून पुन्हा सकाळी सातची पाळी. आठ किलोमीटर. मेट्रनबाई हिला म्हणाल्या की नर्सेसच्या वसतिगृहात एक खोली रिकामी आहे, हवी असेल तर तीस तारखेपर्यंत कळवा. म्हणजे आठवडाभर तिकडे राहायचं आणि शनिवारी घरी यायचं.

चहा गाळता गाळता हिने हे सांगितलं, जसं काही दूधवाला बदलायचाय. मी म्हटलं, "बघू." ती म्हणाली, "बघा."

शुक्रवार, ५

दोन दिवस डोक्यात दुसरं काही नाही. खरं लिहायचं तर भीती वाटते. पाच दिवस बाहेर राहिलं की माणसाला सवय होते. दुकानाचं शटर ओढताना मीही "थोडे दिवस" असंच म्हणालो होतो.

काल जेवताना ही म्हणाली, "खोलीला मोठी खिडकी आहे म्हणे. आणि तिथे सकाळी कुणाला हाका मारून उठवावं लागत नाही." असं म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, भाजीत मीठ बरोबर आहे.

आज दाढी वाढलेली तशीच घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे एक मोठं सायकलचं दुकान झालंय. काचेमागे ओळीने सायकली, आणि प्रत्येकीच्या दांड्यावर चिकटवलेलं: लहान, मध्यम, मोठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रेडिमेड! याच तीन शब्दांनी माझं दुकान खाल्लं. माणसं काय तीनच प्रकारची असतात? हिचे पाय लांब, धड आखूड, डावा खांदा पेशंट उचलून उचलून दुखावलेला. हिला यातलं काय बसणार?

तिथल्या तिथे ठरवलं. सायकलच करायची. विकत आणायची नाही, करायची. एकेक भाग निवडून, हिच्या मापाची. आठ किलोमीटर म्हणजे सायकलवर पस्तीस मिनिटं. कॉलेजात असताना ही सायकलच चालवायची.

घरी येऊन सांगितलं. ही हातातलं काम थांबवून म्हणाली, "कोण करणार? तुम्ही?"

"मग कोण?"

"कधी सुरू करणार?"

"सोमवारी."

"किती वाजता?"

हा कसला प्रश्न? म्हटलं, नऊ वाजता. तिने मान डोलावली आणि पुन्हा कामाला लागली. खोलीचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

सोमवार, ८

बाजारामागच्या गल्लीत एक सायकल मिस्त्री आहे. त्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण त्याचा आवाज कुणी फारसा ऐकलेला नाही. त्याच्या शेडमध्ये जुन्या सायकलींचा हा एवढा ढीग. मी त्याला सगळं सांगितलं: बस, पाळी, वसतिगृह, खांदा, रेडिमेड. अर्धा तास बोललो असेन. तो एक चाक फिरवून आरे तपासत होता. शेवटी म्हणाला, "बाईंना आणा, मास्तर."

मी म्हटलं, बाईंना कशाला? माझ्याकडे टेप आहे.

संध्याकाळी हिला बोळात भिंतीला टेकवून उभी केली आणि मापं घेतली. सहा महिन्यांनी टेप हातात आला. हात आपोआप चालला, इकडे धरलं, तिकडे लावलं, कानामागची पेन्सिल काढून लिहून मोकळा. आतून पाय तीस, हात साडेतेवीस. लेक दारात उभी राहून हसत होती. ही म्हणाली, "गुदगुल्या होतात हो." बऱ्याच दिवसांनी घरात असं हसणं झालं. का कोण जाणे, मला जेवण जास्त गेलं.

मंगळवार, ९

फ्रेम निवडली. सायलेन्सरने ढिगातून तीन काढल्या, तिन्ही खाली वाकलेल्या दांड्याच्या, पाय वरून न टाकता चढता येईल अशा. मापाचा कागद आणि फ्रेमा पुढे ठेवून मी गणित केलं आणि सगळ्यात उंच फ्रेम घेतली. तिचा लोखंडाचा सांधा बघण्यासारखा आहे, शिवण दिसत नाही.

सायलेन्सर म्हणाला, "मोठी."

म्हटलं, काय मोठी? पण तोवर त्याने पाना उचलला होता. त्याच्याशी वाद घालायचा म्हणजे भिंतीशी बोलायचं. माप माझं आहे. बावीस वर्षांत एकही पँट आखूड झाली म्हणून परत आलेली नाही.

शुक्रवार, १२

रोज जातोय. काय काय ठरलं ते लिहून ठेवतो, नाहीतर लेक पुन्हा विचारते.

गिअर. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगेला विक्रेता एकवीस गिअर दाखवत होता. एकवीस! वाटेत चढ एकच, उड्डाणपुलाचा. मला ढिगात एक मागचं चाक सापडलं, त्याच्या पोटातच तीन गिअर आहेत. बाहेर काही लोंबत नाही, उभ्या उभ्याही बदलता येतात. एक चढाला, एक सपाटीला, एक उशीर झाला असेल तेव्हाला.

चेनला पूर्ण कव्हर. ही पांढऱ्या पँटीत जाणार. चेन उघडी ठेवणं म्हणजे कोटाला अस्तर न लावणं.

टायर जरा जाड, कारण रस्ता बाजारापर्यंत बरा आणि पुढे देवाच्या भरवशावर. मडगार्ड लांब, पुढचं थेट खालपर्यंत. दिवा पुढच्या चाकातच तयार होणाऱ्या विजेवर, म्हणजे बॅटरी संपली ही सबब नाही. पहाटे सव्वासहाला निघताना उजेड कमी असतो. ब्रेक बदलून नवे घेतले, यात जुनं काही नको. सीट स्प्रिंगची. तिचं कातडं फाटलं होतं, ते मी घरी आणून घरच्या जुन्या मशीनवर नवं शिवलं. मशीनवरची चादर काढली तेव्हा खाली धुळीचा थर. तेल दिलं, सुरू झालं. माझं मलाच बरं वाटलं.

हँडलवर मात्र दोन दिवस घातले. सरळ हँडलने खांद्यावर भार येतो. म्हणून मागे वळलेलं, मनगट बाजूला राहील असं घेतलं. ही रोज रात्रीच्या जेवणाला विचारते, "आज काय झालं? उद्या काय?" मी सांगतो. इतक्या चौकशा तिने माझ्या दुकानाच्यासुद्धा कधी केल्या नाहीत. खोलीचा फॉर्म तिच्या पर्समध्ये घडी घालून आहे, मी पाहिला. कोराच आहे. अजून सही केलेली नाही म्हणजे आशा आहे.

गुरुवार, १८

झाली! काल संध्याकाळी तयार झाली. गडद हिरवा रंग, घंटा एकदा वाजवली की गल्लीतली कुत्री उठतात. आज ही तिच्यावरून कामावर गेली. मी दारात उभा होतो. ती जरा डुलत डुलत गेली. म्हटलं, वीस वर्षांनी बसतेय, होईल सवय. संध्याकाळी आली ती घामाघूम, पण हसून म्हणाली, "छान आहे."

"सीट?"

"छान."

"खांदा?"

"छान हो. सगळं छान आहे."

मी म्हटलं, मग आता त्या फॉर्मचं काय ते करून टाक. ती म्हणाली, "तीस तारीख लांब आहे अजून." एवढी सायकल होऊनही बाईचं मन खोलीतच अडकलंय. रात्रीचं जेवण गेलं नाही.

शनिवार, २०

ही लंगडत आली. म्हणाली, वॉर्डात ट्रॉली लागली. लेक काहीतरी बोलायला गेली, तेवढ्यात हिने तिला वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसवलं. मी म्हटलं, सुट्टी घे. नको म्हणाली. सायकलला मात्र काही झालेलं नाही, मी सगळीकडून तपासली.

मंगळवार, २३

लिहायला हात होत नाही, पण लिहितो.

आज इस्त्री करायला कपडे काढले. दुकान बंद झाल्यापासून हिची इस्त्री ही स्वतःच करायची, आज मला हुक्की आली. युनिफॉर्मची पँट हातात घेतली. कापड खोटं बोलत नाही, निदान माझ्याशी तरी. दोन्ही मांड्यांना आतून घासून धागे वर आलेले. चार दिवसांत! सीटवर बसणारी बाई डावी-उजवीकडे घसरत पॅडल गाठत असेल तरच असं होतं. मग डावा गुडघा पाहिला. तिथे कापड फाटलेलं, आणि ते रफू केलेलं. पांढऱ्यावर मोतिया दोरा, टाके म्हणजे मुंग्या सैरावैरा पळाव्यात तसे. टेलरच्या बायकोने फाटलेली पँट स्वतः शिवावी आणि मला कळू देऊ नये?

लेकीला विचारलं. तिने पाय आपटत सांगितलं, "पडली आई. दोनदा. थांबायचं म्हटलं की पाय जमिनीला टेकत नाहीत तिचे. मला शपथ घातली होती."

ट्रॉलीबिली काही नव्हती.

ही आल्या आल्या तिला पुन्हा भिंतीला उभी केली. आतून पाय अठ्ठावीस. हात बावीस. मापाच्या पानाकडे बघत बसलो आणि मग डोक्यात उजेड पडला. मी शिवायचं माप लिहिलं होतं. बावीस वर्षांच्या सवयीने पायाला खालच्या दुमडीसाठी दोन इंच आणि हाताला शिवणीची दीड इंच माया, म्हणजे आत सोडायचं ते जादा कापड, परस्पर धरून मोकळा झालो. लोखंडाला कसली आलीय दुमड? लोखंड आत मुडपता येत नाही. सीट पार खाली बसवली तरी ती फ्रेम हिला दोन इंच उंचच राहणार.

रेडिमेडवाल्यांनी निदान मध्यम दिली असती. मी माझ्याच बायकोला पाडलं.

बुधवार, २४

अकरापर्यंत पडून होतो. हिने रजा टाकली होती. गुडघ्यासाठी असं म्हणाली. मला पलंगाशेजारी येऊन विचारलं, "उठत का नाही?"

मी म्हटलं, "तू खोली घेऊन टाक. माझ्याच्याने होणार नाही. दुकान गेलं तेच बरोबर झालं."

ती एकदम चिडली. ही चिडते तेव्हा आवाज खाली जातो. म्हणाली, "गिऱ्हाईक कपडा परत घेऊन आलं की दुकानात काय करायचात?"

"उसवायचो."

"आणि?"

"आणि पुन्हा शिवायचो."

"पांघरूण घेऊन झोपायचा नाहीत ना? मी गिऱ्हाईक आहे. परत आणलीय."

"मग पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही दारात असे उभे होतात की…" मग पाणी तापवलंय, दाढी करा, एवढंच म्हणाली.

दाढी केली. ब्लेड बोथट होतं, दोन ठिकाणी कापलं. सायकल हातात धरून ढकलत सायलेन्सरकडे नेली. त्याने मला बघितलं, सायकलला बघितलं, आणि आत जाऊन मधली फ्रेम घेऊन आला. घासलेली, गंज काढलेली आणि त्याच हिरव्या रंगाने रंगवलेली.

"ही कधी केलीस?"

"दहा तारखेला."

"अरे मग बोलायचं ना!"

"बोललो होतो."

खरंच बोलला होता. मला तिथे शेडमध्ये, त्या तेलकट स्टुलावर बसून हसूही आलं आणि डोळेही भरले. तो म्हणाला, "होतं, मास्तर. माझ्या बहिणीला मी पहिली सायकल माझ्या उंचीची दिली होती." इतकं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

रविवार, २८

तीन दिवस उसवणं आणि जोडणं. चाकं, गिअर, दिवा, कव्हर, सगळं जुन्या फ्रेमवरून काढून नव्या फ्रेमवर. कव्हर अर्धा इंच लांब पडलं, ते कापून घेतलं. या वेळी सायलेन्सरने सांगितल्याप्रमाणे हिला शेडमध्ये आणून बसवली. सीट खाली, सीट वर, परत एक बोट खाली. हँडल जवळ. मी टेप खिशातून काढलाच नाही. ही बसली होती, तिचे खांदे कुठे आहेत ते बघत होतो. कानाला लागलेले खांदे हळूच खाली आले तेव्हा म्हटलं, बस, इथेच आवळ.

मग शेडसमोरच्या मोकळ्या रस्त्यावर चक्कर. मी म्हटलं, मधेच थांबून दाखव. थांबली. दोन्ही पाय जमिनीवर, टाचा अगदी किंचित उचललेल्या. पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी थांबलीच नाही. कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी सायलेन्सरला म्हटलं, गुडघा दुखावलेला आहे तिचा. तो चाकात हवा भरत राहिला. पंधरा मिनिटांनी घंटा ऐकू आली. ही उड्डाणपुलाच्या टोकापर्यंत जाऊन आली होती. केस सुटलेले, चेहरा लाल. म्हणाली, "पहिल्या गिअरला चढ कळतसुद्धा नाही हो!" आणि खाली न उतरताच पुन्हा निघाली.

मला इतकं हलकं वाटलं की सायलेन्सरला मिठीच मारली. तो घाबरला.

मंगळवार, ३०

आज शेवटची तारीख. काल ही सायकलने जाऊन आली, चौतीस मिनिटं, कुठे पाय खरचटला नाही. तरी फॉर्मबद्दल अवाक्षर नाही. म्हटलं, तिला संकोच वाटत असेल मेट्रनबाईंना नाही म्हणायला, तर आपणच सांगून येऊ. इस्त्रीचा शर्ट घातला, आठच्या बसने गेलो.

मेट्रनबाई रजिस्टर बघत होत्या. मी नमस्कार केला, कोणाचा नवरा ते सांगितलं आणि तयार करून नेलेलं वाक्य म्हटलं, "आपल्या खोलीबद्दल आभार, पण आता आम्हाला तिची गरज नाही. माझ्या पत्नीच्या जाण्यायेण्याची सोय मी केली आहे."

त्यांनी चष्मा काढला. "कोणती खोली? त्यांनी तर दोन तारखेलाच नको म्हणून सांगितलं. आम्ही ती लॅबमधल्या मुलीला दिली, राहतेय की ती तिथे."

"दोन तारखेला?"

"हो. सातच्या पाळीला तिघी जणी मिळून व्हॅन करणार होत्या. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

मी म्हटलं, "बोलली असेल, माझ्याच लक्षात नसेल." आणि बाहेर आलो. कान गरम झाले होते. म्हणजे मला तीन तारखेला सांगितलं तेव्हा खोली नाकारून झाली होती. महिनाभर मी कुणाला अडवत होतो?

ही सायकल लावत होती, स्टँडजवळच गाठली. मी काही विचारायच्या आत माझ्या शर्टाकडे बघून तिच्या लक्षात आलं. "मेट्रनबाईंकडे गेला होतात?"

"खोली घ्यायचीच नव्हती तर मला कशाला सांगितलीस?"

ती कुलूप लावत राहिली. मग म्हणाली, "सहा महिने तुम्हाला हाका मारल्या. चहा थंड व्हायचा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी काही म्हटलं की तुमचं एकच, मला काही झालेलं नाही. म्हटलं, मी जाते म्हटल्यावर तरी उठतात का बघू."

"आणि सायकल?"

"ते माझ्या डोक्यात नव्हतं. ते तुम्हीच काढलंत. नऊ म्हणालात आणि खरंच नऊला गेलात. मग मी कशाला थांबवू?"

"दोनदा पडलीस त्यापायी."

"दोनदाच पडले," ती म्हणाली.

राग यायला हवा होता. थोडा आलाही, पण टिकला नाही. खरं सांगायचं तर इतकी लाज आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी वाटला नव्हता. इस्पितळाच्या आवारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर डोळे पुसावे लागले. ती म्हणाली, "पुरे, पेशंट बघतायत."

मी म्हटलं, "म्हणजे सायकल नसती तरी चाललं असतं. व्हॅन आहेच."

"होती. काल घरी आल्यावर फोन करून मी माझी जागा सोडली. तिघींच्या दोघी झाल्या, त्या चिडल्यात माझ्यावर. आता ही बिघडली तर मला चालत यावं लागेल, तेव्हा ब्रेककडे लक्ष ठेवा."

असं म्हणून वॉर्डात गेली. मी तिथेच सायकलपाशी थोडा वेळ उभा राहिलो. मागचा ब्रेक किंचित सैल वाटला, तो आवळून दिला.

उद्यापासून सातची पाळी. ही सव्वासहाला निघेल आणि दुपारी साडेतीनपर्यंत घरी येईल.